बीटलला दुसऱ्या सालाचं इंजिन किंवा गिअरबॉक्स बसवताना: नव्यांसाठी मार्गदर्शक

फोक्सवॅगन बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चार जागी आवळलेलं असतं, बस्स. वरचे दोन बोल्ट, खालचे दोन नट, सगळीकडे सतराचा पाना. ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या प्वेब्ला कारखान्यातून शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांच्या वर गाड्या झाल्या होत्या, आणि निदान १९६१ च्या मॉडेलपासून या चार जागा हललेल्या नाहीत. म्हणून "कुठलंही इंजिन कुठल्याही बीटलला बसतं" असं सर्रास सांगतात. बसतं हे खरं आहे. पण बसलेलं इंजिन सेल्फने फिरेल का, क्लच सुटेल का आणि मे महिन्यात गरम न होता चालेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं इंजिन उतरवण्याआधीच काढायची असतात.

हा लेख पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांसाठी आहे. १९६१ च्या मॉडेलपासून पुढच्या गाड्या मी धरल्या आहेत. त्याआधीच्या गाडीचं इंजिन, फ्लायव्हील आणि उभ्या दोन भागांत फुटणारा गिअरबॉक्स हे सगळंच निराळं आहे. त्याची सरमिसळ नव्या माणसाने करू नये.

आधी कागद

भारतात गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदललं तर ते १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बीटलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. म्हणजे १९६४ च्या १२०० सीसी गाडीला १६०० चं इंजिन चढवलंत, तर त्या नोंदणीवर पाणी सोडावं लागण्याची शक्यता आहे. १२०० च्या जागी १२०० च बसवत असाल तर प्रश्न सोपा असतो. सीसी बदलणार असेल तर आरटीओत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, मगच पैसे मोजा. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबरच बघतो.

आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये बदलायचं. सप्टेंबर १९६६ मध्ये तयार झालेली गाडी १९६७ ची समजतात. १९६५ च्या मॉडेलपासून चेसिस नंबरातला तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा असतो: ११८ ने सुरू होणारा नंबर १९६८ चा. हा नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो.

इंजिन नंबर डायनामोच्या स्टँडखाली क्रँककेसवर असतो. ऑगस्ट १९६५ आधी नुसते आकडे, त्यानंतर पुढे अक्षर. डी म्हणजे १२००, एफ म्हणजे १३००, एच म्हणजे १५००, एबी म्हणजे नंतरचं १३०० आणि एडी म्हणजे ५० हॉर्सपॉवरचं १६००. जुन्या १२०० ची ताकद ३४ हॉर्सपॉवर, त्यामुळे १६०० चा मोह का पडतो हे बोरघाट चढून आलेल्याला सांगायला नको.

पण सालावर आणि अक्षरावर भिस्त ठेवू नका. १९६७ चंच बघा. त्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या गाड्या १२ व्होल्टच्या होत्या आणि युरोपातल्या ६ व्होल्टच्याच राहिल्या. शिवाय ५०-६० वर्षांत कोणत्या गॅरेजने कुठला भाग कुठे लावला याची नोंद कुणाकडेही नाही. म्हणून माझा आग्रह एकच: प्रत्येक जोडाचा भाग हातात घ्या, मोजा, आणि मगच विकत घ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना माल बघायला जाणार असाल तर खिशात कॅलिपर आणि फिलर गेज असू द्या.

जुनं इंजिन घेताना पुलीला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून बघा. खटखट असा स्पष्ट ढिलेपणा जाणवला तर क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, मर्यादेबाहेर गेलाय. नंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. तीन नंबरचा सिलिंडर विशेष तपासा. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच बाजूच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे तिथे गरम हवा पोचते आणि तो सगळ्यात आधी थकतो. पुढे, १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पंख्याच्या आवरणाबाहेर वेगळ्या खोक्यात नेला. भारतातल्या उन्हात हे नंतरचं इंजिन मिळालं तर माझी पसंती त्यालाच. मात्र आवरण, पंखा आणि कूलर हे तिन्ही एकाच रचनेचे घ्या, अर्धे-अर्धे जोडू नका.

सगळा खेळ बेल हाउसिंगमध्ये

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना भिडतात त्या पोकळीत चार गोष्टी असतात: फ्लायव्हील, क्लच, सेल्फचं तोंड आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. फसलेल्या बहुतेक अदलाबदली इथेच फसतात.

फ्लायव्हीलचे दात मोजा. एका दातावर खडूची खूण करा आणि सावकाश मोजत या. ६ व्होल्टच्या गाडीचं फ्लायव्हील १०९ दातांचं, १२ व्होल्टचं १३० दातांचं आणि आकाराने मोठं. ६ व्होल्ट काळातल्या गिअरबॉक्सच्या पोकळीत मोठं फ्लायव्हील आतून घासतं. काही जण ती पोकळी ग्राइंडरने कोरून जागा करतात. नव्या माणसाने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, त्याचा कीस पेट घेतो, आणि तो गिअरबॉक्सच्या सीलमध्ये गेला तर निराळंच दुखणं मागे लागतं.

सोपा मार्ग असा. ६ व्होल्टच्या गाडीत नंतरचं इंजिन घालायचं असेल तर आपलं जुनं १०९ दातांचं फ्लायव्हील, १८० मिलिमीटरचा क्लच आणि जुना सेल्फ हे तिन्ही तसेच ठेवा आणि ते फ्लायव्हील नव्या इंजिनावर चढवा. रोजच्या चालवण्यात हा क्लच १६०० लाही पुरतो. दुसरा मार्ग म्हणजे गिअरबॉक्सही १२ व्होल्ट काळातला घेणं आणि २०० मिलिमीटरचा क्लच बसवणं. या दोन्हींच्या मधला मार्ग शोधू नका.

सेल्फच्या शाफ्टचं टोक गिअरबॉक्समधल्या एका छोट्या पितळी बुशात फिरतं. ६ व्होल्टच्या सेल्फचा शाफ्ट जाड, साधारण साडेबारा मिलिमीटर. १२ व्होल्टचा अकराच्या आसपास. बारीक शाफ्ट जाड बुशात घातला की सेल्फ कण्हतो, अडकतो, आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. सेल्फ बदलला की बुश बदला.

रिलीज बेअरिंगकडे तर बरेच जण बघतही नाहीत. १९७० पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंगला नळीचा आधार नाही, आणि प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) मधोमध एक कडं लागतं. १९७१ पासून गिअरबॉक्समधून क्लचमध्ये येणाऱ्या इनपुट शाफ्टवर मार्गदर्शक नळी आली, बेअरिंग तिच्यावर सरकतं आणि थेट प्लेटच्या पाकळ्यांना टेकतं. तिथे कडं नको. म्हणजे प्रेशर प्लेट गिअरबॉक्सप्रमाणे निवडायची, इंजिनाप्रमाणे नाही. काही प्लेटांना क्लिपांनी काढता येणारं कडं असतं, अशी मिळाली तर घेऊन ठेवा.

फ्लायव्हील चढवणं

या पायरीला अख्खा दिवस द्या. फ्लायव्हील क्रँकला मधल्या एकाच मोठ्या नटने धरलेलं असतं. त्याला छत्तीसचा सॉकेट लागतो आणि सुमारे ३०० न्यूटन मीटर ताण. लांब दांडा, फ्लायव्हील अडवणारी पट्टी आणि टॉर्क रेंच यांशिवाय हात लावू नका. "अंगाच्या जोराने आवळलाय" हे इथे चालत नाही; नट सैल पडला की डॉवेल पिनांची भोकं खातात आणि क्रँक जातो.

दुसरं फ्लायव्हील म्हणजे एंड प्ले नव्याने जुळवणं आलंच. मर्यादा ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर. फ्लायव्हीलच्या मागे नेहमी तीन शिम (पातळ चकत्या) असतात, दोनही नाहीत आणि चारही नाहीत. पद्धत अशी: ऑइल सील न बसवता फक्त दोन शिम घालून फ्लायव्हील पूर्ण आवळा, डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे ढकला, आणि आलेल्या आकड्यातून ०.१० वजा करा. समजा गेजवर ०.४४ आलं, तर तिसरा शिम ०.३४ चा. शिम ०.२४ पासून ०.३८ पर्यंत मिळतात. मग फ्लायव्हील काढा, तिन्ही शिम घाला, नवं सील सरळ बसवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा मोजा. शेवटचं मोजणं टाळू नका.

जुन्या फ्लायव्हीलला क्रँकच्या तोंडाशी पातळ गास्केट लागतं, नंतरच्यात ओ-रिंगसाठी खाच असते. आपलं कुठलं ते बघून तेच घाला. क्लच प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट किंवा प्लॅस्टिकचं हत्यार मिळतं. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे, २५ न्यूटन मीटरपर्यंत.

इंजिन काढणं आणि चढवणं

गाडी सपाट काँक्रीटवर, पुढच्या चाकांना ओट, मागे मजबूत घोडे (जॅक स्टँड). विटांवर गाडी ठेवून कुणीही खाली जाऊ नये. इंजिनाचं वजन शंभर किलोच्या वर असतं, म्हणून सोबत एक माणूस हवाच.

मागच्या सीटखालची बॅटरी सोडा. एअर क्लीनर, डायनामोच्या, कॉइलच्या आणि ऑइल प्रेशरच्या वायरी काढा. प्रत्येकीला कागदी पट्टी बांधा. ॲक्सिलरेटर केबल कार्ब्युरेटरपासून सोडा, ती पंख्याच्या आवरणातल्या नळीतून पुढे जाते. पेट्रोलची नळी चिमट्याने दाबून तोंडाला बूच मारा. हीटरच्या केबली आणि जाड नळ्या सोडा, मागची पत्र्याची पट्टी काढा. मग खालचे दोन नट. नंतर इंजिनाखाली जॅक घेऊन वजन उचलून धरा आणि वरचे दोन बोल्ट काढा. सेल्फच्या बाजूचा वरचा बोल्ट सेल्फलाही धरतो, हे लक्षात ठेवा.

आता इंजिन सरळ मागे ओढायचं, साधारण वीतभर, इनपुट शाफ्ट पूर्ण सुटेपर्यंत. त्याआधी खाली सोडलंत तर सगळा भार शाफ्टवर येतो आणि क्लच प्लेट वाकते. चढवताना उलटा क्रम. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर इंजिन अडलं तर बोल्ट आवळून ओढू नका. गाडी गिअरमध्ये टाका, दुसऱ्याला पुली किंचित फिरवायला सांगा. दात जुळले की इंजिन आपोआप आत सरकतं. चारही बोल्ट ३० न्यूटन मीटर.

क्लच पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा.

गिअरबॉक्स बदलायचा असेल तर

इथे काम दुपटीने वाढतं, आणि त्याचं कारण मागचा अ‍ॅक्सल. दोन प्रकार आहेत. स्विंग अ‍ॅक्सलच्या गाडीत अ‍ॅक्सलच्या नळ्या गिअरबॉक्सलाच जोडलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात सुटे शाफ्ट आणि दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट. अमेरिकेत १९६९ च्या मॉडेलपासून दुसरा प्रकार आला. युरोपात तो १३०२ सारख्या मोठ्या मॉडेलांना मिळाला आणि साध्या बीटल शेवटपर्यंत स्विंग अ‍ॅक्सलवर राहिल्या. एका प्रकाराच्या चेसिसमध्ये दुसरा घालायचा तर चेसिसला कंस वेल्ड करावे लागतात. वर कागदांबद्दल जे लिहिलं ते पाहता, आपल्याकडे ही वाट धरू नये.

स्विंग अ‍ॅक्सलमध्येही १९६६ पर्यंतचे आखूड आणि १९६७ पासूनचे लांब असा फरक आहे. गिअरबॉक्स नळ्यांसकट विकत घेताना लांबी मोजा, नाहीतर ड्रम आणि मडगार्डचं गणित चुकतं. चाकांचे मोठे नट, ड्रम, ब्रेकच्या नळ्या हे सगळं उघडावं लागतं, म्हणून काम संपल्यावर ब्रेकची हवा काढणं आलंच. पुढचं रबर माउंटिंग १९७३ पासून निराळं आहे. गिअरबॉक्ससोबत त्याचं माउंटिंगही मागून घ्या. गिअरच्या दांड्याचा जोड मागच्या सीटखालच्या छोट्या झाकणाआड असतो. त्याचा चौकोनी डोक्याचा स्क्रू तारेने बांधलेला हवा. पुन्हा बसवताना ती तार विसरू नका.

गुणोत्तराचा विचार शांतपणे करा. १२०० आणि १३०० ला शेवटचं (डिफरन्शियलचं) गुणोत्तर ४.३७५ असायचं, १५०० ला ४.१२५ आणि १९७३ नंतरच्या बऱ्याच १६०० ना ३.८७५. बाकीचे गिअर सारखे धरले तर ४.१२५ ने त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ६ टक्के कमी होतात, ३.८७५ ने ११ टक्के. मुंबई-पुणे रस्त्यावर इंजिन शांत वाटतं हे खरं. पण मागे ३४ हॉर्सपॉवरच असतील तर ३.८७५ घेऊ नका, खंडाळ्याच्या चढावर तिसरा सोडवणार नाही. १२०० राहणार असेल तर ४.३७५ ला हात लावू नये. १६०० घालत असाल तर ४.१२५ हा माझ्या मते सगळ्यात समंजस पर्याय.

कुणी फोक्सवॅगनच्या जुन्या बसचा गिअरबॉक्स स्वस्तात देऊ केला तर साल विचारा. १९६७ पर्यंतच्या बसला चाकांपाशी वेगळे रिडक्शन गिअर होते आणि त्यासाठी आतला क्राउन गिअर उलट्या बाजूला असायचा. तो गिअरबॉक्स तसाच बीटलमध्ये लावला तर मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एक, अशी गाडी तयार होते.

रिकाम्या गिअरबॉक्सला तीन लिटरपर्यंत तेल लागतं, एसएई ९०, जीएल-४ दर्जाचं.

वीज आणि पत्रे

६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचं इंजिन लावून डायनामोही १२ चा ठेवलात तर बॅटरी, रेग्युलेटर, कॉइल, सगळे बल्ब, वायपरची मोटर, फ्लॅशर आणि कार्ब्युरेटरचा चोक हे सगळं बघावं लागतं. जुना ६ व्होल्टचा सेल्फ मात्र १२ वर चालतो, फक्त फार वेळ फिरवत ठेवू नका.

आता पत्रे. एअर-कूल्ड इंजिनात रेडिएटर नाही, तर हे काळे पत्रेच थंड हवा सिलिंडरांवरून नेतात. गॅरेजमध्ये "हे कशाला लागतंय" म्हणून खालचे डिफ्लेक्टर फेकून दिलेली इंजिनं सर्रास सापडतात. दोन सिलिंडरांच्या मधले खालचे पत्रे, बाजूचे पत्रे आणि इंजिन व बॉडीच्या मधली रबरी पट्टी जागेवर नसेल तर खालची गरम हवा परत वर ओढली जाते आणि विदर्भातल्याच काय, पुण्यातल्या एप्रिलमध्येही इंजिन शिजतं. आपल्याकडे हीटर कुणाला लागत नाही म्हणून हीट एक्स्चेंजर काढून साधे पाइप लावतात. तसं केलंत तर पंख्याच्या आवरणावरची हीटरची दोन तोंडं घट्ट बुजवा, नाहीतर थंड हवा तिथून वाया जाते.

पहिल्यांदा चालू करताना

अडीच लिटर ऑइल घाला. टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.१५ मिलिमीटर, पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. टायमिंगची खूण दुसऱ्या सालाच्या पुलीवर दुसऱ्या जागी असू शकते, म्हणून आधी एक नंबरचा पिस्टन वर आणून खूण पडताळा.

कॉइलची वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. मग वायर जोडून चालू करा. चालताना डायनामोचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबा. त्याच पट्ट्यावर पंखा फिरतो आणि पट्टा तुटलेल्या बीटलचं इंजिन काही मिनिटांत जातं.

पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदला, टॅपेट पुन्हा लावा, चारही बोल्ट आणि क्लचचा खेळ तपासा. बेल हाउसिंगच्या खाली तेलाचा थेंब दिसला तर वास घ्या: उग्र गंधकासारखा वास आला तर ते गिअरबॉक्सचं, नाहीतर फ्लायव्हीलमागच्या सीलचं.

जुनं इंजिन आरसीवरच्या नंबरचं असेल तर ते भंगारात किंवा दुसऱ्याला देऊ नका. स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा, हाताने दोन-चार फेरे फिरवा, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करा आणि लाकडी पाटावर, ओल नसलेल्या जागी ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पुली फिरवून बघत जा.